कानडी न शिकता कानडी कोडं

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या घरी रात्रीची जेवणं आटोपली की मी आणि नात मोबाइलवर भाषेची कोडी सोडवतो. ती भाषा यावी लागत नाही; दिलेली उदाहरणं ताडून नियम शोधायचा.

कर्नाटकची हद्द आम्हाला जवळची, म्हणून तिच्यासाठी मी एक कानडी कोडं रचलं. मने म्हणजे घर, मनेयल्लि घरात. शाले म्हणजे शाळा, शालेयल्लि शाळेत. पण देश, देशदल्लि; पुस्तक, पुस्तकदल्लि. आता मर म्हणजे झाड, तर ‘झाडात’ कसं म्हणाल? शब्दाचा शेवट पाहा. ‘ए’ असेल तर ‘य’ येतो, ‘अ’ असेल तर ‘द’. म्हणून मरदल्लि! पाठांतराशिवाय नातीनं नियम स्वतः शोधला, याचं मला फार अप्रूप वाटतं. शाळेतही व्याकरण असंच शिकवायला हवं.

अशाच कोड्यांवर आधारलेलं शालेय मुलांचं आंतरराष्ट्रीय भाषाविज्ञान ऑलिंपियाड २००३ साली बल्गेरियात सुरू झालं. २०१६ मध्ये ते म्हैसूरला भरलं. भारतात त्यासाठी पाणिनी भाषाविज्ञान ऑलिंपियाड होतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या संकेतस्थळावर जुनी कोडी उत्तरांसह मोफत आहेत. सुट्टीत मुलांना शेजारी बसवून एक तरी सोडवाच.