चाकणचा वेढा आणि घरातले शब्द

“अम्मी, किल्ल्यावर दारूचं कोठार कशाला होतं? फिरंगोजींचे लोक दारू प्यायचे का?”

मगरिबची नमाज झाली होती. मी भाकरी थापत होते आणि धाकटा ओट्याजवळ पुस्तक घेऊन बसला होता. प्रश्न विचारताना त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. नुकताच आवडायला लागलेला माणूस दारुडा निघतो की काय, याची! मला हसू आलं, पण उत्तर मलाही चटकन देता येईना. ते दिलं त्याच्या दादीनं. “अरे, बीमार पडला की दवादारू करतो ना आपण? तीच ही दारू.”

दादीचं म्हणणं खरं होतं. ‘दारू’ हा फारसी शब्द आणि त्याचा मूळ अर्थ औषध. पुढे तोफेत ठासायच्या भुकटीलाही लोक दारू म्हणू लागले. दिवाळीत उडवतात ती शोभेची दारू हीच. बाटलीतली दारू म्हणजे त्याच शब्दाचं घसरलेलं रूप. मुलगा समाधानानं पुन्हा वाचायला लागला आणि माझ्या डोक्यात मात्र विचार सुरू झाला.

आमच्या घरात दखनी बोलतात. मुलांची शाळा मराठी माध्यमाची. चिखली, कुदळवाडी, आकुर्डी, भोसरी या भागात कारखान्यांच्या आधाराने लातूर, सोलापूर, बीडकडून येऊन राहिलेली आपली जी हजारो घरं आहेत, त्यांतल्या बऱ्याच घरांची हीच गत असते. मूल मराठी बोलतं, पण ‘शब्दांचे अर्थ लिहा’ आलं की अडखळतं. धाकटा पाचवीत गेला आणि पहिल्याच चाचणीत शब्दार्थांत दहापैकी तीन. मी गाईड आणून रोज वीस शब्द पाठ करून घेतले. सकाळी पाठ, संध्याकाळी साफ. शेवटी त्याच्या बाईंनी मला सांगितलं, “यादी बंद करा. त्याला आवडेल अशी एकच गोष्ट द्या आणि तीच चार वेळा वाचू द्या.”

गोष्ट त्यानं स्वतः निवडली. शाळेच्या वाचनपेटीतली पातळ पुस्तिका, चाकणच्या किल्ल्याची. कारण साधं होतं. त्याचे अब्बू रोज कंपनीच्या बसनं मोशीवरून, इंद्रायणी ओलांडून चाकणला जातात.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगते. 1660 साली औरंगजेबाचा मामा शायिस्ताखान मोठी फौज घेऊन पुण्यात उतरला. जूनमध्ये त्यानं चाकणच्या भुईकोटाला वेढा घातला. हाच संग्रामदुर्ग. ना डोंगर, ना कडा; सपाट जमिनीवरचा किल्ला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि मूठभर शिबंदी. खानाला वाटलं, दोन-चार दिवसांचं काम. लागले 55-56 दिवस. भर पावसाळ्यात तोफा चालल्या, मोर्चे बांधले गेले, पण किल्ला हाती येईना. मग मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग खणला. ऑगस्टच्या मध्यावर तो उडवला आणि बुरूज माणसांसकट आकाशात गेला. तरी आतल्यांनी खिंडारामागे मातीचा आडोसा करून ती रात्र झुंजवली. दुसऱ्या दिवशी किल्ला द्यावा लागला. खानानं फिरंगोजींना चाकरी देऊ केली, त्यांनी ती नाकारली. महाराजांनी किल्ला गमावल्याबद्दल त्यांना बोल लावला नाही, उलट पुढे भूपाळगड त्यांच्या हवाली केला.

आता या गोष्टीतले शब्द बघा. किल्ला, फौज, बुरूज, खंदक, तोफ, मोर्चा, किल्लेदार, जखम, हिंमत. मुलानं वहीत अवघड म्हणून उतरवलेल्या शब्दांतले निम्म्याहून अधिक असे निघाले, जे त्याच्या दादीला अर्थासकट येत होते. दादी शाळेत दुसरीपर्यंतच गेलेली. तिला कुणी मराठीचा शब्दार्थ विचारील, असं आयुष्यात वाटलं नव्हतं!

‘खंदक’ शब्दावर तर ती थांबलीच. तिनं त्याला गजवा-ए-खंदकची हकीकत सांगितली. हिजरी 5 मध्ये मदिनेवर मोठं सैन्य चालून आलं, तेव्हा हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी शहराच्या उघड्या बाजूला चर खणण्याची सूचना केली. अरबांना ही युक्ती नवी होती. स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) सहकाऱ्यांबरोबर माती उपसत होते. खंदक हा शब्दही सलमान यांच्यासारखाच इराणातून अरबस्तानात गेलेला. मूळ फारसीत त्याचा अर्थ ‘खणलेलं’. तिथून तो फिरत फिरत चाकणच्या भुईकोटाभोवती येऊन बसला. ‘बुरूज’चंही तसंच. मुलगा मक्तबमध्ये तिसावा पारा पाठ करतो, त्यात सूरह बुरूज आहे. अरबीत बुर्ज एकवचन आणि बुरूज अनेकवचन, तिथं अर्थ आकाशातल्या ताऱ्यांच्या राशींचा. मराठीनं अनेकवचनच उचललं आणि एका मनोऱ्याला बुरूज म्हटलं. ‘फौज’ म्हणाल तर सूरह नस्रमधला ‘अफवाज’ हे तिचंच अनेकवचन.

अर्थात सगळंच तिकडून आलं, असं समजायचं कारण नाही. सुरुंग हा शब्द मी खात्रीनं फारसी समजत होते. तो निघाला संस्कृत, कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला. आणि जाणकार त्याचं मूळ ग्रीक भाषेत दाखवतात.

पण खरी गंमत, आणि खरी अडचण, अशा शब्दांत आहे जे घरात एका अर्थानं वावरतात आणि शाळेत दुसऱ्या. मुलांचे मार्क इथंच जातात. घरी आम्ही ओरडतो, “जिद नक्को कर!” म्हणजे हट्ट करू नकोस. पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘फिरंगोजी जिद्दीने लढले’. तिथं जिद्द हा गुण. घरी शर्त म्हणजे अट किंवा पैज. मराठीत ‘शर्थ केली’ म्हणजे होतं नव्हतं ते सगळं पणाला लावलं. आमच्याकडे पाऊस थांबला की “गनीमत है” म्हणतात, आणि मराठीत गनीम म्हणजे शत्रू. दोन्हींचं मूळ एकच, लढाईतल्या लुटीचं.

आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे ‘शिकस्त’. पुस्तिकेत वाक्य होतं की शिबंदीनं किल्ला राखण्याची शिकस्त केली. मुलानं अर्थ लिहिला, ‘हार’. त्याचं काय चुकलं? फारसी-उर्दूत शिकस्त म्हणजे पराभवच. मराठीत मात्र शिकस्त करणं म्हणजे प्रयत्नांची पराकाष्ठा करणं, मोडून पडेपर्यंत झटणं. मी त्याला दोन्ही अर्थ सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “फिरंगोजींची तर दोन्ही शिकस्त झाली ना?” हा शब्द तो आता जन्मात विसरणार नाही. गाईडमधल्या कोणत्याही यादीनं हे काम केलं नसतं.

हे लिहिण्यामागं शब्दार्थांपेक्षा मोठं एक कारण आहे. मागच्या वर्षी चौथीला इतिहासात शायिस्ताखान शिकवला जात होता, तेव्हा वर्गातली दोन-तीन पोरं मागं वळून माझ्या मुलाकडे बघायची. वाईट हेतूनं असेल असं नाही, पोरंच ती. पण तेव्हापासून तो इतिहास मान खाली घालून वाचायचा आणि विचारलं तर म्हणायचा, “वो उनका है.” त्याच्या अब्बूंनी समजावलं की खानाच्या फौजेत राजपूत आणि मराठे सरदारही होते आणि महाराजांकडे आरमारावर दौलतखान, पायदळात नूरबेग, फारसी पत्रव्यवहाराला काझी हैदर होते. हे सगळं खरं आहे आणि मुलांना माहीत असायलाच हवं. पण नावांची यादी खिशात दाखल्यासारखी घेऊन पोरानं फिरावं, हे मला पटत नाही. यादीनं त्याची मान वर झाली नाही. ती झाली दादीजवळ बसून शब्द उलगडताना. ज्या भाषेत ही गोष्ट सांगितली जाते, तिच्यात आपल्या घरातले शब्द आधीपासून बसलेले आहेत, आणि आपल्या दखनीतलं ‘नक्को’ आणि ‘ऐसाच’मधला ‘च’ हे मराठीनं दिलेले आहेत. हे त्याला कुणी शिकवलं नाही, त्याचं त्यालाच दिसलं.

दरबारी कागदांत फारसी इतकी मुरली होती की महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला; फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. त्यात दुर्गवर्ग नावाचं प्रकरणच आहे. तरी लोकांच्या तोंडी किल्ला तो किल्लाच राहिला. पोवाडे गाणारा ‘शाहीर’ हासुद्धा अरबी शब्द, आणि शाहिरांत आपले सगनभाऊ होते, बार्शीचे अमर शेख होते, ज्यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. बखरींतल्या फारसीचा कसून अभ्यास केला तो डॉ. यू. म. पठाण यांनी. 1990 च्या पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ही नावं मात्र मी मुलाला मुद्दाम सांगितली.

कुणाला घरी करून बघायचं असेल तर आम्ही काय केलं ते सांगते. पहिल्या वाचनात थांबायचं नाही, अर्थ विचारायचा नाही, गोष्ट पुरी होऊ द्यायची. दुसऱ्या वेळी अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ आणि अर्थाचा अंदाज. चुकला तरी चालेल. मग तो शब्द घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचा. कोश सगळ्यात शेवटी. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर फुकट बघता येतो, त्यात शब्दापुढे ‘ए’ अक्षर असेल तर अरबी, ‘पी’ असेल तर फारसी. माधव जूलियन यांचा 1925 चा फार्शी-मराठी कोश मोठ्या वाचनालयात मिळतो. दिवसाला पाच शब्द पुरेत. आम्ही दहा करायला गेलो आणि दोन दिवसांत वही माळ्यावर गेली.

मागच्या रविवारी आम्ही तिघं चाकणला गेलो. किल्ल्याचं फारसं काही उरलेलं नाही. गावाच्या गजबजाटात तटाचे पडके तुकडे, माजलेलं गवत आणि खंदकाची खोलगट खूण. मुलगा त्या खोलगटात उतरला आणि वर बघत म्हणाला, “इथून बुरूज किती उंच वाटत असेल!” मग अब्बूंनी त्याला सांगितलं की किल्ल्यावर हवालदार, सबनीस यांच्याबरोबर कारखानीस नावाचा अधिकारी असे, सामानसुमान आणि कोठारं त्याच्या ताब्यात. “म्हणजे चाकणला तेव्हाही कारखाना होता?” पोराला फारच नवल वाटलं.

परतीच्या बसमध्ये खेळ सुरूच होता. हजेरी? अरबी. कामगार? काम आपलं, ‘गार’ फारसी. पगार? तो पोर्तुगीजांचा. मग त्यानं विचारलं, “आणि रजा?”

“अरबी,” अब्बू म्हणाले. “मूळ अर्थ राजीखुशी, मर्जी.”

“कुणाची मर्जी?”

“साहेबांची,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.