खडी गंमत: नाचता नाचता कानपिचक्या

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई ही जत्रा भरते आणि रात्री खडी गंमत हे लोकनाट्य रंगते. शाहीर, ढोलकी, तुणतुणे आणि लुगडे नेसलेला पुरुष नाच्या. नेपथ्याचा थाट नाही. नाच माणसांना धरून ठेवतो, मग शाहीर हळूच हुंडा, दारू, अंधश्रद्धा असे विषय काढतो. समोर पिणारेही बसलेले असतात. टोला त्यांनाच बसतो आणि हसतातही तेच. भाषणाला हे जमत नाही. पूर्व विदर्भातल्या याच पट्ट्याच्या, म्हणजे झाडीपट्टीच्या, रंगभूमीवरचे गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. एक गोष्ट मात्र खटकते: हुंड्यावर बोलणारी ‘बाई’ इथे बहुधा पुरुषच असते.