स्लाइड वाचून दाखवावी का?

‘ऑनलाइन तासाला मी स्लाइडवर सगळा मजकूर देते आणि तोच मोठ्याने वाचते. एखाद्याचं ऐकायचं राहिलं तर तो वाचेल, वाचायचं राहिलं तर ऐकेल. हे बरोबर आहे ना?’ असं एका वाचक शिक्षिकेने विचारलं आहे. बाईंची कळकळ खरी आहे. पण जवळपास असाच प्रयोग २००१ साली झाला आणि निकाल उलटा लागला.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या शाखेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी वीज कशी पडते हे सांगणारी १४० सेकंदांची एक अ‍ॅनिमेशन फीत अनेक प्रयोगांत वापरली. दमट हवा वर चढते, ढगाच्या माथ्याशी हिमकण होतात, ऋणप्रभार तळाशी गोळा होतो, एक अदृश्यप्राय वाट टप्प्याटप्प्याने जमिनीकडे उतरते. आणि आपल्याला दिसतो तो लखलखाट मात्र त्या वाटेने जमिनीकडून वर धावतो! (विजेची ही उलटी चाल मला कितीदाही सांगायला आवडेल.) २००१ सालच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना चित्र आणि निवेदन मिळालं, तर काहींना त्याशिवाय निवेदनातले शब्द पडद्याच्या तळाशी लिहूनही मिळाले. ज्यांना जास्त मिळालं, त्यांना कमी कळलं. परीक्षाही नुसती पाठांतराची नव्हती. आकाशात ढग आहेत, पण वीज नाही, असं का? विजेची तीव्रता कमी करायची तर काय कराल? असे प्रश्न होते.

अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडलेल्या कार्यकारी स्मृतीच्या (वर्किंग मेमरी) कल्पनेत याचं कारण सापडतं. पाहिलेलं आणि ऐकलेलं हाताळणाऱ्या दोन वेगळ्या व्यवस्था आपल्याकडे असतात आणि दोन्हींची क्षमता तुटपुंजी असते. स्टेशनवर तिकिटाच्या दोन खिडक्या असाव्यात तशा. चित्र डोळ्यांच्या खिडकीशी उभं असतं. मजकूरही त्याच रांगेत घुसला की तो वाचेपर्यंत ढगातला प्रभार कुठल्या कुठे सरकलेला असतो.

यापेक्षा जिव्हारी लागणारा निष्कर्ष रंजक माहितीबद्दलचा आहे. शॅनन हार्प आणि मेयर यांनी १९९८ साली विजेच्या छापील धड्यात विजेच्या तडाख्यांच्या चित्तथरारक हकिकती आणि चित्रं घातली. विद्यार्थ्यांना मूळ धडा त्यामुळे कमी समजला. सगळ्यात जास्त नुकसान हकिकत सुरुवातीला आली तेव्हा झालं, शेवटी आली तेव्हा कमी. सुरुवातीलाच थरार दिला की पुढचा सगळा धडा मुलं त्याच थराराच्या अंगाने वाचतात. ढग आणि तापमान बाजूला राहतं. तास ‘गोष्टीने सुरू करा’ असं आपल्याकडे हमखास सांगितलं जातं. गोष्ट विषयाच्या गाभ्यातली नसेल, तर ती शेवटी सांगावी हे बरं.

मेयर यांचं नाव सर्वत्र घेतलं जातं, त्यांच्या सहसंशोधक रॉक्साना मोरेनो यांचं क्वचितच. विजेच्या फितीला मागे संगीत जोडून पाहण्याचा २००० सालचा प्रयोग त्या दोघांचा. संगीताने आठवणारंही घटलं आणि समजणारंही. आज कितीतरी शैक्षणिक व्हिडिओंत मागे अखंड सूर वाजत असतो, तेव्हा मोरेनोंची आठवण व्हायला हवी.

आता बाईंच्या स्लाइडकडे जरा जवळून पाहू. समजा, तिथे हृदयाची आकृती आहे, आकृतीवर अ, ब, क, ड ही अक्षरं आणि खाली कोपऱ्यात ‘अ - उजवं अलिंद’ अशी यादी. नजर वर-खाली करण्यातच मुलांचं निम्मं बळ खर्च होतं. नाव थेट त्या कप्प्यावर लिहायचं, रक्त ज्या कप्प्यात शिरतंय तेवढाच ठळक करायचा, म्हणजे एवढ्यानेच आकृती सुटसुटीत होते.

व्हिडिओ सहा मिनिटांचाच हवा, हा दावा मात्र मला पटत नाही. त्याचं मूळ एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या ६९ लाख पाहण्यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात आहे. त्यात मुलं किती वेळ पाहत राहिली हे मोजलं होतं. काय शिकली, ते नव्हे. मेयर आणि पॉल चँडलर यांनी विजेच्या त्याच फितीचे सोळा तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यानंतर ‘पुढे’ हे बटण विद्यार्थ्याच्या हाती दिलं, तेव्हा समज वाढली. लांबी तीच होती. फरक थांबण्याच्या मोकळिकीचा होता.

हे बहुतेक प्रयोग अमेरिकी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर, छोट्या धड्यांवर झाले, हे विसरून चालणार नाही. भाषा परकी असेल किंवा शब्द तांत्रिक असतील, तर लिहिलेला मजकूर मदत करू शकतो, हे मेयर स्वतःच नमूद करतात. मराठी माध्यमातून येऊन अकरावीला इंग्रजीतून विज्ञान ऐकणाऱ्या मुलांना हा अपवाद थेट लागू पडतो. तेव्हा बाई, परिच्छेद काढून टाका, पण नवी संज्ञा उच्चारताना ती पडद्यावर जरूर दाखवा. सबटायटल्स ज्याला हवीत त्याला सुरू करता येतील अशी ठेवा, आणि तास रेकॉर्ड करून द्या, म्हणजे मुलांना हवं तिथे थांबता येईल.