घरात बांधलेले विमान

कढईचा कान हलू लागला की आपण ती घेऊन लातूरच्या गंजगोलाईत नाही तर नांदेडच्या वजिराबादेत जातो. कारागीर जुने रिबिट काढतो, नवे घालतो, दोन ठोके मारतो आणि कान घट्ट! मैत्रिणींनो, विमानाचा पत्राही असाच रिबिटांनी जोडतात. विमानाचा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू वेल्डिंगच्या उष्णतेने दुबळा होतो, म्हणून हजारो रिबिटे मारायची.

असे विमान घरीही बांधता येते बरं का! मुंबईचे वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. त्याआधीचे त्यांचे दोन प्रयत्न फसले होते. २०१६ साली ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले गेले, २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याला त्याचे उड्डाण झाले. या खटाटोपात घरच्यांचे दागिनेही गेल्याचे तेव्हा छापून आले होते. म्हणजे हौस एकाची असली तरी झळ साऱ्या घराला लागते.

अमेरिकेत अशा हौशी लोकांची मोठी संघटना आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी ती १९५३ साली काढली. सुरुवातीची कचेरी त्यांच्या घराच्या तळघरात होती, आणि तिथला कितीतरी कारभार पत्नी ऑड्री सांभाळत.

तिकडच्या लहान विमानांत सगळ्यात जिवाला घोर लावणारे काम म्हणजे कॅनोपी, वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक झाकण. ते काचेचे नसते, अॅक्रिलिकचे असते. आधी धातूची चौकट तयार करतात. आपण ब्लाउज शिवताना कच्चा टाका घालतो ना, तशा छोट्या स्प्रिंगच्या चिमट्यांनी सारे भाग तात्पुरते धरून ठेवतात. नीट बसले की मगच पक्के रिबिट. पत्र्याचे भरीव रिबिट मारायला दोघे लागतात. एकाने बाहेरून ठोकायचे, दुसऱ्याने आतून जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. हा दुसरा हात पुष्कळदा बायकोचाच असतो!

अॅक्रिलिकला भोक पाडताना मात्र श्वास रोखावा लागतो. साधे ड्रिल चावा घेते आणि क्षणात तडा जातो. एका भोकापायी अख्खे झाकण वाया! म्हणून हळूहळू खरवडत जाणारे निराळे ड्रिल वापरतात. थंडीत अॅक्रिलिक ठिसूळ होते, म्हणून खोली चांगली उबदार करूनच काम करतात. (आपला मराठवाड्याचा उन्हाळा या कामी आला असता!) भोक रिबिटापेक्षा थोडे मोठे ठेवतात, कारण उन्हात अॅक्रिलिक धातूपेक्षा जास्त फुगते. जागा नसली तर तडकते.

यातले काही घरातही उपयोगी पडेल. अॅक्रिलिकचे शोकेस किंवा नावाची पाटी पेट्रोलने किंवा अमोनिया असलेल्या काचेच्या औषधाने पुसू नका. बारीक भेगा पडून ते धुरकट होते. आधी पाण्याने धूळ घालवा, मग सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ सुती कापड घ्या. पुसताना अंगठी, बांगड्या काढून ठेवा, ओरखडे चटकन पडतात.

उद्या आपल्या घरात कुणी असला मोठा घाट घातला, तर नुसते "वेडेपणा" म्हणून उडवून लावू नये, आणि मुकाट्याने दागिने काढूनही देऊ नयेत. खर्च किती, जागा कुठली, परवानगी कोणाची, तपासणार कोण, हे चार प्रश्न आधीच विचारावेत. उत्तरे पटली तर मग खुशाल ठोकळा धरावा, पण हिशेबाची वही आपल्याही हातात असावी.