नक्कावागूवरचा मंगळवार

पहाटे साडेपाच. रात्रीच गोठवलेले आइस पॅक पेटीत, त्यात तपकिरी काचेच्या बाटल्या. सिप्रोफ्लॉक्सासिन उजेडात मोडतं. पांढऱ्या बाटलीतून आणलं तर ओढा आहे त्याहून स्वच्छ निघायचा. बाटल्या कोण भरणार हेही बघावं लागतं. भरणाऱ्याला स्वतःलाच अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू असतील, तर त्या दिवशी त्याला सुट्टी.

सात. हैदराबादजवळचं पाटणचेरू, इसकावागूचा ओढा. योआकिम लार्सन आणि त्यांच्या स्वीडिश सहकाऱ्यांचा 2007 सालचा निबंध इथल्याच सांडपाण्यावर आहे. सुमारे 90 औषध कारखान्यांचं पाणी सामाईक प्रक्रिया केंद्रात यायचं आणि प्रक्रियेनंतरही लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रो सापडलं. गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तातही एवढं नसतं. दिवसाकाठी अंदाजे 44 किलो, म्हणजे अख्ख्या स्वीडनला पाच दिवस पुरेल इतकं! बाटलीचं तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला करून ती तीनदा विसळायची, मग भरायची.

सव्वानऊ. नक्कावागूच्या ओढ्यावर म्हशी धुणारे काका विचारतात, "हर महिने बोतलां भरको ले जाते. फिर क्या होता, साब?" रिपोर्ट जातो, म्हणालो. त्यांनी म्हशीच्या पाठीवर आणखी एक बादली ओतली.

हे पाणी पुढे मांजरेत जातं. बीड जिल्ह्यात उगम पावून लातूर, बिदर करत आलेली ही नदी कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. माझं गाव बिलोली तालुक्यातलं, त्यामुळे हा नकाशा मला जरा जास्तच पाठ आहे.

साडेबारा. काल लावलेल्या प्लेट्स इन्क्युबेटरमधून काढल्या. सिप्रोच्या चकतीभोवती जंतू मेल्याचं स्वच्छ वर्तुळ दिसायला हवं. तेच पट्टीने मोजायचं. ओढ्याकाठच्या एका विहिरीतल्या ई. कोलायच्या प्लेटवर वर्तुळच नाही. जंतूंचा पिवळसर थर थेट चकतीच्या कडेला टेकलेला. वहीत लिहायचं 6 मिमी, म्हणजे चकतीचाच व्यास.

दीड ते चार. डबा, मग गाळणं. गाळ असला की फिल्टर तुंबतो. गाळलेलं पाणी कार्ट्रिजमधून थेंबथेंब सोडायचं. घाई केली तर औषध धरलं जात नाही, नुसतंच निघून जातं.

साडेचार. रिपोर्टचा तक्ता. बीओडी, सीओडी, टीडीएस, प्रत्येकासमोर मर्यादेचा आकडा. सिप्रोसमोर आडवी रेघ. जानेवारी 2020 च्या मसुद्यात केंद्र सरकारने सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकच्या मर्यादा घातल्या होत्या. ऑगस्ट 2021 च्या अंतिम अधिसूचनेत त्या गायब. सप्टेंबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आली, पण ती कुणावर बंधनकारक नाहीत. कारखानदार काटकसर करणारच, तो त्यांचा धंदा आहे. मला खरा राग येतो तो या रेघेचा. तिच्यामुळे माझा आकडा कितीही मोठा आला तरी नियमभंग कशाचाच होत नाही.

साडेसहा. नमुने मशीनवर चढवले, रात्रभर चालतील. ड्रायव्हरला फोन केला: उद्या अंबरपेट. पाटणचेरूच्या केंद्रात प्रक्रिया केलेलं पाणी नंतर पाइपलाइनने तिकडे वळवलं गेलं, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातली डोकेदुखी मुसी नदीवाटे कृष्णेच्या खोऱ्यात. बाटल्या जास्त लागतील, आणि सहाच्या आत निघालो तरच ट्रॅफिक चुकेल.