चांदीचं नाणं काळं पडत नाही

शरद ऋतू लागला की युरोपात लोक टोपल्या घेऊन अळंबी वेचायला रानात शिरतात. त्या हिशेबाने कुणी आश्विनात गगनबावड्याला गेलं, तर हात हलवत परत येईल. वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या घाटमाथ्यावर वारुळाच्या अळंबीचे दिवस आषाढ-श्रावणातले. उगवली की दोन-चार दिवसांत सडते. आश्विनात इथे भात कापायची घाई.

वीज कडाडली की अळंबी फुटते, असं म्हणतात. वळवानंतर जमिनीत मुरलेली ओल तिला वर आणते हे खरं, पण खरी कर्ती वाळवी. चघळलेल्या पाल्यालाकडाची स्पंजासारखी पोळी ती वारुळात रचते, त्यांवर टर्मिटोमायसीस ही बुरशी पोसते आणि तिने पचवलेलं खाते. ही भागीदारी सुमारे तीन कोटी वर्षांची. म्हणूनच बटण मशरूमसारखी हिची व्यापारी लागवड अजून कुणाला साधलेली नाही. अळंबीभोवतीची माती हलकेच उकरली, तर देठ मुळासारखा निमुळता होत थेट त्या पोळ्यापर्यंत गेलेला दिसतो.

सापाच्या वारुळावरची अळंबी विषारी, ही समजूतही जुनी. वारूळ बांधते वाळवी. साप म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा. त्याचं विष अळंबीत उतरत नाही. विषारी अळंबी आपलं विष स्वतःच बनवते.

जिवावर बेततात त्या मात्र घरगुती परीक्षा. शिजताना चांदीचं नाणं टाकायचं, लसूण टाकायचा, काळं पडलं तर विषारी! अमानिटा वंशातल्या काही जातींत अमॅटॉक्सिन हे जीवघेणं विष असतं. त्याने ना चांदी काळी पडते, ना लसूण. उकळून ते जात नाही, वाळवूनही नाही. किडीने खाल्लेली ती चांगली, हेही खोटं, कारण गोगलगायी विषारी अळंबी निर्धास्त खातात. ‘पांढरी ती खायची, रंगीत ती कुत्र्याची छत्री’ या नियमालाही अर्थ नाही. याच वंशातल्या काही अतिविषारी जाती पांढऱ्याशुभ्र असतात.

लगेच उलटी झाली नाही म्हणजे पचली, असंही नव्हे. अमॅटॉक्सिनची लक्षणं बहुधा सहा ते चोवीस तासांनी दिसतात. उलट्या-जुलाबांनंतर मध्ये एखादा दिवस बरं वाटतं. तेवढ्यात आत यकृत निकामी होत असतं. शंका आली की लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठावा आणि उरलेली अळंबी कागदात गुंडाळून सोबत न्यावी. प्लास्टिकच्या पिशवीत ती लवकर सडते, मग ओळख पटवणं अवघड.