रश्श्याची हाडे आणि त्यांचा वाजवी भाव

मांसाहारी मराठी कुटुंबात रश्श्याची थोरवी कोणाला पटवून द्यावी लागत नाही. कोल्हापूरकडे मटण शिजताना निघालेले अळणी पाणी, त्यात तिखट पडण्यापूर्वी, लहान मुलांसाठी आणि आजाऱ्यासाठी वाटीभर काढून ठेवण्याचा शिरस्ता आहे, आणि ज्या पांढऱ्या रश्श्याची कीर्ती साऱ्या महाराष्ट्रात पसरली त्याचा आधारही हेच अळणी होय. परंतु मटणाचा भाव आज ज्या पातळीस पोहोचला आहे ती पाहता, निव्वळ रश्श्यासाठी म्हणून किलोभर मटण आणावे ही गोष्ट सामान्य प्राप्तीच्या कुटुंबास परवडणारी राहिलेली नाही. आणि म्हणून हाडे तेवढी स्वतंत्रपणे, वाजवी दरात, कोठून व कशी मिळवावीत हा प्रश्न गृहस्थाश्रमी माणसाने गांभीर्याने विचारात घेण्याजोगा झाला आहे.

या अडचणीचे मूळ आपल्या विक्रीच्या रीतीत आहे. युरोप-अमेरिकेत मांस पुष्कळ अंशी हाडांपासून सोडवून विकले जाते आणि त्यामुळे उरलेली हाडे हा तेथील दुकानांत एक वेगळा, स्वस्त जिन्नस ठरतो. आपल्याकडे मात्र बोकडाचे मटण हाडांसकट तोडून तोलले जाते, म्हणजे हाडाला मांसाचाच भाव पडतो, आणि दुकानदाराच्या जमाखर्चात नुसत्या हाडांची अशी बाब सहसा नसतेच. ‘हाडांचा काय भाव?’ असे एकदम विचारणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकास म्हणूनच समाधानकारक उत्तर मिळत नाही.

तथापि जेथे कोणी खिमा मागतो किंवा बिनहाडाचे मटण मागतो, तेथे हाडे मांसापासून सुटी होतातच. खिमा विकण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतील भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. काही दुकानांत मांडी हाडासकट तोलून मग सोडवतात. त्या हाडांचे पैसे गिऱ्हाइकाने दिलेले असतात आणि ती मागून घेण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे, जरी बहुतेक लोक तो बजावीत नाहीत. इतर दुकानांत सोडवलेले मांसच चढ्या दराने तोलले जाते. तेथे हाडे दुकानदाराची राहतात, परंतु त्यांची किंमत त्या चढ्या दरात आधीच वसूल झालेली असल्यामुळे नेहमीच्या गिऱ्हाइकास ती अल्प मोबदल्यात देण्यास तो बहुधा नाखूश नसतो. एरवी ही हाडे फुकट जातात असे नव्हे. गोळा करणारे ती उचलतात, आणि पुढे त्यांपासून खत होते, जिलेटिन होते, औषधांच्या कॅप्सूलची कवचे होतात.

वेळेची निवड हा या व्यवहारातील सर्वांत मोठा भाग आहे. रविवारी सकाळी दुकानासमोर रांग लागलेली असते, सुरा क्षणभर थांबत नाही; त्या वेळी हाडांची गोष्ट काढणे हे त्या कष्टाळू माणसावर अन्याय करण्यासारखे आहे. पण खिमा सर्वांत अधिक निघतो तोही रविवारीच. म्हणून आदल्या दिवशी, सोमवार-गुरुवार-शनिवार पाळणाऱ्यांमुळे दुकान निवांत असते तेव्हा, शांतपणे बोलून ठेवावे, हाडे शीतपेटीत ठेवण्याची विनंती करावी आणि गर्दी ओसरताच जाऊन आणावीत. दुपारच्या उकाड्यात उघड्या टोपलीत पडून राहिलेली हाडे फुकट मिळाली तरी घेऊ नयेत.

ज्यांना इतकी तजवीज जमणार नाही त्यांच्यासाठी बोकडाचे पाये आहेत. ते वजनावर नव्हे तर बहुधा नगावर मिळतात, आणि भाजून, खरवडून, तोडून दिलेले असल्यास घरी फारसे काम उरत नाही. रश्श्याला जो चिकट दाटपणा येतो, जो थंड झाल्यावर थरथरत्या वडीसारखा घट्ट होतो, तो नळीतल्या मज्जेमुळे येत नाही. मज्जा ही मुख्यतः स्निग्धांश. ती चव देते. दाटपणा येतो तो सांधे, कातडी आणि स्नायुबंध यांतील कोलॅजन मंद उष्णतेने विरघळून त्याचे जिलेटिन होते म्हणून. चार पाये आणि खिम्यातून सुटलेली थोडी हाडे यांचा मेळ त्यामुळे महागड्या नळ्यांच्या ढिगाहून अधिक गुणकारी ठरतो. कोंबडीच्या दुकानात बिनहाडाचे मांस काढून उरलेले सांगाडे व पंजे मिळतात, आणि माझ्या मते किफायतीत त्यांची बरोबरी दुसरे काहीच करू शकत नाही. पंजे मात्र उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून वरची पिवळी साल व नखे काढावी लागतात. कोकणपट्टीत सुरमईचे वा रावसाचे डोके हाच मार्ग आहे, आणि ते अर्ध्या तासाहून अधिक उकळू नये.

स्वस्त हाडांचा लाभ इंधनाच्या खर्चात बुडून जाणार नाही याचीही काळजी घेतली पाहिजे. आठ-आठ तास मंदाग्नीवर पातेले ठेवण्याचा उपदेश अलीकडे फार ऐकू येतो. सिलिंडरवर स्वयंपाक करणाऱ्या घराला तो मानवणारा नाही. आपल्या प्रत्येक घरातल्या कुकरचा पूर्वज मुळी हाडांसाठीच जन्मला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. डेनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1679 मध्ये लंडनमध्ये वाफेच्या दाबाचे बंद पात्र सिद्ध केले ते हाडे मऊ करून त्यांतील सत्त्व गरिबांच्याही पोटात जावे या हेतूने, आणि 1682 मध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्याच पात्रात शिजवलेले जेवण त्याने वाढले. आपल्या कुकरमध्ये पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत तापते. हाडांना आधी एक उकळी देऊन ते पाणी टाकून द्यावे, मग गार पाणी, आले, मिरे व कांदा घालून, वर आलेला फेस काढून झाकण लावावे आणि मंद आचेवर तासाभरात काम होते.

या रश्श्याकडून अपेक्षा मात्र वाजवीच ठेवाव्यात. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हाडांतील जिलेटिन काढून त्याचे सूप रुग्णालयांतील रोग्यांना व गोरगरिबांना देण्याचा उपक्रम मोठ्या उत्साहाने चालला होता. पुढे माजांदी या शरीरशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालील समितीने प्राण्यांवर दीर्घकाळ प्रयोग करून 1841 मध्ये असा अहवाल दिला की केवळ जिलेटिनवर प्राणी जगू शकत नाही. त्याचे कारण नंतर उमगले: शरीरास अत्यावश्यक असलेले ट्रिप्टोफॅन त्यात नसते. हाडांतील कॅल्शियमही पाण्यात फारच थोडे उतरते. त्यासाठी दूध आणि नाचणी आहेत. रश्श्याने भूक उघडते, घसा शेकतो, साध्या भातालाही गोडी येते, आणि शेजारी भाकरी, डाळ किंवा अंडे असले म्हणजे जेवण पुरे होते. त्याला औषधाचे मोल लावून चढ्या दराने विकल्या जाणाऱ्या बाटल्यांची गरज कोणालाही नाही.

तयार रस्सा पसरट भांड्यात ओतून, ते भांडे गार पाण्यात ठेवून लवकर निववावा, दोन तासांच्या आत शीतकपाटात जावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा. अधिक टिकवायचा तर गोठवावा. आणि येत्या खेपेस खिमा करून घ्याल तेव्हा दुकानातून निघण्यापूर्वी एवढे अवश्य म्हणा: ‘दादा, हाडेही बांधून द्या.’